सिंगापूरच्या हॉटेलचं डिपॉझिट अडकलंय? बँकेला एआरएन नव्हे, ऑथ कोड द्या

ताई, परभणीहून लिहिलेली तुमची पोस्ट वाचली. हॉटेलनं चेक-इनला फॉरेक्स कार्डावर (आधी परकी चलन भरून ठेवलेलं कार्ड) ३०० सिंगापूर डॉलर डिपॉझिट म्हणून अडवले, परत येऊन तीन आठवडे झाले, हॉटेल म्हणतं "आम्ही सोडले", बँक म्हणते "आमच्याकडे काही आलं नाही, एआरएन नंबर (व्यवहाराचा संदर्भ क्रमांक) आणा". आम्हा नवरा-बायकोला हेच उत्तर ह्याच शब्दांत मिळालं होतं, म्हणून सविस्तर लिहितोय. मी बँकेतला नाही आणि हा कायदेशीर सल्लाही नाही. कार्डागणिक नियम थोडे वेगळे असतात, तेवढं धरून वाचा.

आधी हे पक्कं करा की पैसे अडवलेत की कापलेत. चेक-इनच्या स्लिपवर "प्री-ऑथ" (नुसती रक्कम अडवणं, म्हणजे होल्ड) छापलंय की "सेल" (पैसे कापणं), ते बघा. स्लिप हरवली असेल तर कार्डाच्या ॲपमध्ये एकूण शिल्लक आणि वापरता येण्याजोगी शिल्लक पाहा. दोन्हींत बरोबर ३०० चा फरक असेल तर तो होल्ड आहे. एकूण शिल्लकच ३०० नं कमी दिसत असेल तर हॉटेलनं सरळ सेल मारलाय.

होल्डमध्ये हॉटेलचं मशीन तुमच्या बँकेला एवढंच सांगतं की इतकी रक्कम राखून ठेवा. बँक होकार देते आणि सहा अक्षरी ऑथ कोड पाठवते. पैसे बँकेतून बाहेर जातच नाहीत. चेक-आउटला हॉटेलनं तो होल्ड रद्द केल्याचा संदेश पाठवायचा असतो. काउंटरवरच्या माणसानं तो पाठवला नाही, किंवा पाठवला आणि बँकेच्या यंत्रणेत मूळ होल्डशी जुळला नाही, तर मुदत संपेपर्यंत रक्कम तशीच अडकून राहते. हॉटेलांच्या बाबतीत ही मुदत साधारण ३० दिवसांपर्यंत जाते.

एआरएन हा २३ अंकी क्रमांक असतो आणि पैसे प्रत्यक्ष कापले गेले किंवा रिफंड निघाला तरच तो तयार होतो. नुसत्या होल्डला एआरएन नसतोच. म्हणजे बँक तुमच्याकडे जी गोष्ट मागतेय ती जगात कुठेच नाही, आणि हॉटेल "नाही" म्हणतं तेव्हा ते खरं बोलतंय. आमचा सगळा मनस्ताप ह्या एका गोष्टीपायी झाला. जिल्ह्याच्या ठिकाणची ती शाखा दर खेपेला एआरएनच मागायची, अर्ज घ्यायची पण पोच द्यायची नाही, आणि "कार्डाचं मुंबईचं डिपार्टमेंट बघतं" म्हणून वाटेला लावायची. लग्नसराईत आणि दिवाळीत हीच कार्डं हिरिरीनं विकतात. विकणाऱ्याला होल्ड आणि रिफंड यातला फरक माहीत नसावा, ह्याचा मला आजही संताप येतो. शाखेतल्या माणसाकडे होल्ड काढायची सोय नसते हे मान्य. पण तसं पहिल्याच दिवशी सांगता येतं.

तेव्हा शाखेच्या चकरा बंद करा आणि हॉटेलला मेल टाका. हॉटेलच्या लेटरहेडवर पत्र मागा: कार्डाचे शेवटचे चार अंक, रक्कम, चलन, तारीख, ऑथ कोड, आणि ही रक्कम आम्हाला नको, होल्ड सोडायला हरकत नाही असं स्पष्ट वाक्य. ऑथ कोड हॉटेलच्या मशीनच्या नोंदीत असतो. रिसेप्शनऐवजी त्यांच्या अकाउंट्स विभागाकडे मागितला तर लवकर मिळतो. कार्डाचा पूर्ण नंबर मेलवर कुणालाही देऊ नका. ते पत्र जोडून बँकेच्या फॉरेक्स कार्ड विभागाला लिहा आणि विषयातच टाका: "ऑथरायझेशन रिव्हर्सलची विनंती, हा रिफंड नाही". तक्रार क्रमांक घ्या. शाखेत कागद दिलाच तर शिक्का-सहीची पोच घेतल्याशिवाय उठू नका.

लेखी तक्रारीला ३० दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस पोर्टलवर (रिझर्व्ह बँकेचं तक्रारींचं संकेतस्थळ) तक्रार करता येते. फी नाही, वकील लागत नाही. १४४४८ वर माहिती मिळते. इथे काही जणांनी तुम्हाला रोजचे १०० रुपये भरपाई मागायला सांगितलंय. तो नियम देशांतर्गत फसलेल्या व्यवहारांसाठी आहे, परदेशातल्या हॉटेलच्या होल्डला लागू नाही. तो मुद्दा घालून अर्ज कमकुवत करू नका.

सेल निघाला तर मात्र गोष्ट उलटी. तिथे रिफंड स्वतंत्र व्यवहार म्हणून येतो, त्याला एआरएन असतो, आणि तो हॉटेलकडूनच मागायचा.

माझं ठाम मत: डिपॉझिटला फॉरेक्स कार्ड कधीही देऊ नका, डेबिट कार्ड तर नाहीच. दोन्हींत अडकतात ते तुमचे स्वतःचे पैसे, आणि ऐन प्रवासात खर्चाला कमी पडतात. क्रेडिट कार्डावर फक्त मर्यादा अडते. पगाराची स्लिप नाही म्हणून क्रेडिट कार्ड मिळत नसेल तर मुदत ठेवीवर मिळतं. लहान मर्यादेचं पुरतं. निघण्याआधी ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय वापर सुरू करा. २०२० पासून नवीन कार्डांवर तो बंदच येतो. जागेवर मिळणाऱ्या फॉरेक्स कार्डावर बहुधा नाव छापलेलं नसतं. काही हॉटेलं तेवढ्यावरूनही डिपॉझिटला नकार देतात.

सिंगापूरच्या हॉटेलबद्दल "खोली २०० डॉलरची सांगितली आणि बिल जवळपास २४० आलं" अशी तक्रार ऐकू येते, पण ती फसवणूक नाही. दरापुढे दोन अधिक चिन्हं (++) असली की त्यावर १० टक्के सेवाशुल्क आणि त्या बेरजेवर ९ टक्के जीएसटी (२०२४ पासूनचा दर). २०० चे २२०, आणि २२० चे २३९.८०. उपाहारगृहांच्या मेनूतही हीच चिन्हं असतात. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे तिथल्या स्वस्त खाण्याच्या टपऱ्यांच्या आवारात, ती भानगड नाही, पाटीवरची किंमत तीच द्यायची. फक्त ताटाचा ट्रे स्वतः नेऊन ठेवायचा, नाहीतर दंड होऊ शकतो. टेबलावर टिश्यूचं पाकीट दिसलं तर ती जागा कुणीतरी धरलेली आहे, तिथे बसू नका.

आता तुमच्या पुढच्या बँकॉक-क्वालालंपूरच्या प्रवासाबद्दल. बँकॉकची मधल्या दर्जाची बरीच हॉटेलं डिपॉझिट रोखीत घेतात, साधारण १,००० ते २,००० बाट. ते मला कार्डापेक्षा बरं वाटतं. पावती घ्यायची आणि पहाटेचं विमान असेल तर आदल्या रात्रीच सांगून ठेवायचं. डिपॉझिटमधून कापतात ते मुख्यतः खोलीतल्या सिगारेटचे, चादरी-टॉवेलवरच्या तेलाचे आणि मेंदीचे डाग, आणि ड्युरियन फळाचे. ड्युरियनच्या वासापायी ते खोलीत आणायला बंदी असते. बाजारातच खाऊन या. क्वालालंपूरला परदेशी पाहुण्यांकडून दर खोलीला दर रात्री १० रिंगिट पर्यटन कर काउंटरवर घेतात, बुकिंगचे पैसे आधी भरले असले तरी.

थायलंडच्या एटीएममध्ये परदेशी कार्डाला दर वेळी साधारण २२० बाट शुल्क लागतं, म्हणून थोडे थोडे काढू नका. मशीन "रुपयांत बदलून घ्यायचं का" विचारतं तेव्हा नकार द्या आणि बाटमध्येच घ्या. दुकानातल्या मशीनवरही तेच. रुपयांचा आकडा ओळखीचा वाटतो, पण त्यात रूपांतराचं जादा शुल्क लपलेलं असतं.

बँकॉकचा चातुचाक बाजार शनिवार-रविवारी पूर्ण भरतो. मेट्रोच्या कामफेंग फेत स्टेशनवर उतरलात तर थेट बाजारात निघता. दुकानांना विभाग आणि गल्लीचे क्रमांक आहेत, त्यांचा फोटो काढून ठेवा. "फिरून येऊन घेऊ" म्हटलं तर तेच दुकान पुन्हा सापडत नाही.

तुमचे यजमान शाकाहारी आहेत म्हणालात. थाई जेवणात मटण-चिकन दिसत नसलं तरी माशाचं पाणी, म्हणजे नाम प्ला, जवळपास सगळ्यात असतं आणि पपईच्या सोम तममध्ये सुकी कोळंबी. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत "เจ" असं थाई चिन्ह, उच्चार "जे", दिसलं की तिथे मांस-मासे, अंडी, दूध काहीच नाही, कांदा-लसूणही नाही. हे चिन्ह मोबाइलमध्ये ठेवा. बँकॉकच्या फाहुरात भागात भारतीय खानावळी आहेत आणि मोठा गुरुद्वाराही आहे, तिथला लंगर नांदेडच्या माणसाला परका वाटणार नाही. क्वालालंपूरला ब्रिकफील्ड्समध्ये केळीच्या पानावरचा दक्षिणी भात पोटभर मिळतो, पण नासी लेमाक ह्या तिथल्या नारळी भातासोबतच्या संबळमध्ये (मिरचीची चटणी) कोळंबीचा लगदा असतो आणि वर सुकी मासळी घालतात, हे सांगून ठेवा. घरून दशम्या आणि धपाटे दोन दिवसांपुरतेच न्या, दमट हवेत पुढे बुरशी धरते. गुटखा-तंबाखू कुणाच्या सामानात असेल तर सिंगापूरमार्गे परतणार असाल तर काढून टाका, तिथे चघळायच्या तंबाखूवर बंदी आहे.

ह्या वेळी विमान हैदराबादहून बघा. परभणी-नांदेड-लातूरकडून मुंबईपेक्षा ते जवळ पडतं आणि बँकॉकला थेट उड्डाण आहे.

हॉटेलचं पत्र आलं की त्यातला ऑथ कोड स्लिपवरच्या कोडशी अक्षर न अक्षर जुळवून मगच बँकेला पाठवा. शून्य आणि इंग्रजी ओ यांत गल्लत होते.