कैद्याच्या पत्रात मुलीचं नाव

प्रश्न : मी अमेरिकेतल्या गाजलेल्या खुन्यांना तुरुंगात पत्रं लिहितो. त्यांची हस्तलिखित उत्तरं फाइलमध्ये जपली आहेत, काही विकतही घेतली. बायको म्हणते, ही घाण घरात नको. तिकिटं जमवण्यासारखाच छंद ना हा? एकाने तर मुलीचं नाव घेऊन परीक्षेला शुभेच्छा दिल्या! बायकोला कसं समजावू?

उत्तर : बायकोचं नंतर बघू. मुलीचं नाव आणि तिची परीक्षा त्याला कळली कुठून? तुमच्याच पत्रातून. तुम्ही हे कौतुकाने लिहिलंत, मी मात्र तिथेच अडकले. तिकीट काही उलट टपाली घरची विचारपूस करत नाही. या माणसाकडे वेळच वेळ आहे, आणि समोरच्याला बोलतं करण्यात यातले काहीजण भारी तरबेज असतात. 33 खून केलेल्या जॉन वेन गेसीशी एका कॉलेजच्या पोराने असाच पत्रव्यवहार सुरू केला होता. आपणच त्याला खेळवतोय, असा त्याचा समज. 1994 मध्ये गेसीला मृत्युदंड दिला गेला; त्याआधी पोरगा तुरुंगात जाऊन त्याला भेटला आणि पुरता हादरून परतला.

कुतूहलाला माझी ना नाही. टपालाने बॉम्ब पाठवून माणसं मारणाऱ्या थिओडोर काझिन्स्कीची पत्रं मिशिगन विद्यापीठाने अभ्यासासाठी जपली आहेतच. पण विकत घेणं मला पटत नाही. खून गाजला म्हणून त्या सहीला भाव. मारल्या गेलेल्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्यांनी रेटा लावला, तेव्हा कुठे 2001 मध्ये ईबे या ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या साइटने हा व्यापार बंद केला. काझिन्स्कीच्या वस्तूंचा 2011 मध्ये सरकारी लिलाव झाला, तो त्याने ज्यांचं नुकसान केलं त्यांना भरपाई मिळावी म्हणून. तुमचे पैसे कुणाच्या खिशात गेले?

तेव्हा खरेदी थांबवा. शुभेच्छा देणाऱ्याला यापुढे एक ओळही नको, निरोपाचीसुद्धा नको. कारण दिलंत की तो त्यावर उत्तर लिहिणार. बाकीच्यांना लिहायचंच असेल तर घरचा पत्ता आणि घरची माणसं त्यातून वगळा. फाइल घरात ठेवायची की नाही, हे बायकोला ठरवू द्या. घर तिचंही आहे.

आणि ते पत्र तिला आजच दाखवा. तिने ते पाहिलंय असं तुमच्या लिहिण्यावरून वाटत नाही. रागाच्या भरात ती फाडायला निघाली तर तेवढं एक मात्र वाचवा. पुढे काही त्रास झालाच, तर पोलिसांना दाखवायला लागेल.