टेबल कोणत्या मापाचे? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या वेळच्या टपालात टेबलांविषयीचे प्रश्न बरेच होते. त्यांतले निवडक इथे घेतले आहेत. बाजारातले टेबल बहुधा ७५ सेंटिमीटर, म्हणजे अडीच फूट उंचीचे असते आणि सुतारालाही तेच माप तोंडपाठ असते. त्यावर काम कोणते होणार आणि ते करणारी व्यक्ती केवढी, हे विचारायचे राहून जाते. पुढच्या बऱ्याच तक्रारींचे मूळ तिथेच आहे.

प्रश्न : मुलगी चौथीत आहे, उंची १३० सेंटिमीटर. अभ्यासाचे टेबल ७५ सेंटिमीटर आणि खुर्ची ४५. लिहिताना ती खांदे वर उचलते, नाहीतर खुर्चीवर पाय दुमडून बसते. कितीही सांगितले तरी फरक पडत नाही. लहान टेबल घ्यावे का? रात्री याच टेबलावर मी लॅपटॉपवर काम करते. (एक पालक, डोंबिवली)

मुलीला रागावू नका. पाय दुमडून बसल्यावर ती काही सेंटिमीटर उंच होते आणि तिचे कोपर टेबलाच्या पातळीला येते. स्वतःपुरता उपाय तिने शोधलेला आहे, फक्त तो पायांना आणि पाठीला महाग पडतो.

लिहिण्यासाठी महत्त्वाचे माप म्हणजे बैठकीपासून टेबलाच्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर. साधारण १२० ते १४० सेंटिमीटर उंचीच्या मुलांना बैठक ३५ आणि टेबल ५९ सेंटिमीटर लागते, म्हणजे अंतर २४. तुमच्याकडे ते ३० आहे. टेबल खाली येणार नसेल तर मुलीला वर घ्या. ७५ मधून २४ वजा केले की बैठक ५१ वर हवी, म्हणजे सध्याच्या खुर्चीवर ६ सेंटिमीटरची भर. मऊ उशी ठेवू नका, ती दबते आणि माप हातचे जाते. प्लायवुडचा तुकडा आणि त्यावर कडक फोमचा पातळ थर असे करा आणि मुलगी बसलेली असताना उंची मोजा.

आता पाय लोंबकळतील. निम्मे लोक इथेच थांबतात आणि तक्रार तशीच राहते. पाय अधांतरी असले की खुर्चीची कड मांडीखाली रुतते, मूल पुढे सरकते आणि पाठीचा आधार सुटतो. बैठक ५१ आणि तिच्या पायांना सोयीची उंची ३५, म्हणून पायांखाली १६ सेंटिमीटर हवेत. ११ सेंटिमीटरचा चौरंग घ्या आणि त्याच्याखाली ५ सेंटिमीटर जाडीच्या दोन लाकडी पट्ट्या स्क्रूने बसवा. वरचा भाग निदान ४० बाय ३० सेंटिमीटरचा असू द्या. मोठ्यांच्या खुर्चीची बैठक मुलांना खोलही पडते. पाठीमागे घट्ट तक्क्या असा लावा की गुडघ्यामागची बाजू आणि बैठकीची कड यांत तीन-चार बोटे जागा उरेल.

मुलगी १४५ च्या आसपास पोचली की बैठक ४९ वर आणा आणि चौरंगाच्या पट्ट्या काढा. १६० ला बैठक ४७ आणि पायांखाली ४ सेंटिमीटरचा पाट पुरे. टेबल तेच राहते, बाकीचे खाली उतरत जाते.

टेबलाच्या मधोमध खण आहे का ते मात्र आज पाहा. फळी २ सेंटिमीटर आणि खण १२ सेंटिमीटरचा असेल तर खाली ६१ उरतात. बैठक ५१ वर नेली की मांड्यांना १० सेंटिमीटरच जागा मिळते, मांड्या घासतात आणि मूल तिरके बसायला लागते. असा खण काढून बाजूला लावावा. मुलगी उजव्या हाताने लिहीत असेल तर दिवा डावीकडे ठेवा, म्हणजे हाताची सावली वहीवर पडणार नाही.

तुमच्यासाठी : लॅपटॉप पुस्तकांवर उचलून त्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला आणा आणि वेगळा कीबोर्ड जोडा. नुसता लॅपटॉप वापरला तर पडदा तरी फार खाली राहतो नाहीतर कळा तरी फार वर जातात. दोन्ही सोयी एकदम मिळत नाहीत.

प्रश्न : जेवणाचे टेबल डुगडुगते. सुताराने एक पाय थोडा कापला, मग दुसरा. आता टेबल बुटके झाले आणि डुगडुग आहेच. (एक वाचक, सांगली)

आता करवत कोणाच्याही हातात देऊ नका. चार पायांचे टेबल तिरक्या समोरासमोरच्या (कर्णावरच्या) दोन पायांवर झुलते आणि उरलेल्या दोघांपैकी एक पाय आळीपाळीने उचलला जातो. आखूड पाय यांतला कोणता, की झुलणाऱ्या जोडीतला एक लांब आहे, की दोष फरशीचा आहे, हे नुसते पाहून कळत नाही. अंदाजाने कापले की चूक या पायावरून त्या पायावर जाते.

आधी टेबल जागच्या जागी हळूहळू फिरवा. पाय सारखे असतील आणि टेबल चौरस असेल तर पाव फेरीच्या आत अशी एक जागा मिळते जिथे चारही पाय टेकतात. गणिताने सिद्ध झालेली गोष्ट आहे, पण जमीन सलग उंचसखल असेल तेव्हाची. दोन फरशांच्या सांध्यावर एक कड वर आलेली असेल आणि पाय नेमका तिथे येत असेल तर ते लागू पडत नाही. तेव्हा टेबल चार-पाच सेंटिमीटर सरकवून पाहावे.

टेबल कुठेही ठेवले तरी त्याच पायावर झुलत असेल तर दोष टेबलाचा. उचललेल्या पायाखाली पत्त्यांच्या कॅटमधले एकेक पान सरकवा. डुगडुग थांबली की तेवढी पाने मोजपट्टीवर धरा, हवी ती जाडी तीच. तेवढ्या जाडीचे रबर किंवा नमद्याची चकती पायाला चिकटवा. तुमच्या टेबलाचे पाय आधीच कमी झाले आहेत, म्हणून चारही पायांत खालून फिरवता येणारे स्क्रूचे बूट बसवून घेणे जास्त चांगले. ८ मिलिमीटरच्या स्क्रूचे बूट हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. गेलेली उंचीही थोडी परत येईल.

आणखी एक तपासणी. टेबलाची कड धरून आडवे हलवा. चारही पाय टेकलेले असताना वरचा भाग डोलत असेल तर सांधे सुटले आहेत. तिथे खिळा ठोकण्याची पद्धत फार वाईट आहे. लाकूड चिरते आणि आतला सैल सांधा सैलच राहतो. सांधा पूर्ण बाहेर काढा, जुना वाळलेला गोंद ८० नंबरच्या पॉलिश पेपरने लाकूड दिसेपर्यंत घासा, कारण जुन्या थरावर नवा फेविकॉल धरत नाही. फट मोठी असेल तर लाकडाची पातळ चिपटी फेविकॉल लावून आत बसवा. सांधा जोडल्यावर पायांभोवती दोरी बांधून, तिच्यात काठी घालून पिळा. दोन्ही कर्ण मोजून सारखे आहेत याची खात्री करा आणि २४ तास हात लावू नका.

प्रश्न : सोसायटीचा हॉल २४ बाय १४ फुटांचा आहे. टेबल टेनिसचे टेबल मावेल का? सभेला आणि गणपतीत प्रसाद मांडायला तेच वापरावे असे काहींचे म्हणणे आहे. कॅरमसाठी कोणती उंची ठेवावी? (सोसायटीचे पदाधिकारी, पुणे)

मावेल. टेबल २.७४ मीटर लांब, १.५२५ मीटर रुंद आणि ७६ सेंटिमीटर उंच असते. दोन्ही टोकांना दोन-दोन मीटर सोडले तर २२ फूट लागतात आणि बाजूंना सव्वा-सव्वा मीटर सोडले तर १३ फूट. स्पर्धेला ही जागा अपुरी आहे, रोजच्या खेळाला चालते.

प्रसादाच्या सूचनेला आमचा स्पष्ट विरोध आहे. हा खेळ इंग्लंडमध्ये जेवणाच्या टेबलावरच सुरू झाला हे खरे, पण आजच्या टेबलाचा सगळा गुण त्याच्या उसळीत आहे. ३० सेंटिमीटरवरून सोडलेला चेंडू सुमारे २३ सेंटिमीटर उसळला पाहिजे, आणि टेबलावर सगळीकडे सारखा. गरम पातेल्याने रंग फुगतो, सांडलेले पाणी कडेने आत शिरून भुशाचा बोर्ड फुगवते आणि जड भांड्यांनी मध्य खचतो. मग कोपऱ्यात चेंडू नीट येतो आणि मधे बसतो. वर चादर घालून यातले काही टळत नाही. खरेदी करतानाही मोजपट्टी आणि चेंडू घेऊन जा. चारही कोपरे, मध्य आणि जाळीजवळची दोन्ही बाजूंची जागा तपासा, आणि दोन अर्ध्या भागांच्या सांध्यावरून बोट फिरवून पायरी लागते का ते पाहा. १९५२ साली मुंबईत जागतिक स्पर्धा झाली तेव्हा जपानच्या हिरोजी सातोने स्पंजाच्या बॅटने विजेतेपद मिळवले आणि खेळ पालटला. पुढे २००० साली चेंडू ३८ वरून ४० मिलिमीटरचा झाला. टेबलाची मापे तीच आहेत, त्यामुळे चांगले टेबल जपले तर जुने होत नाही. सभेसाठी साधी घडीची टेबले घ्या.

कॅरमचा पृष्ठभाग ७४ सेंटिमीटर चौरस असतो आणि नियमांनुसार स्टँडची उंची ६३ ते ७० सेंटिमीटर. मुले जास्त खेळणार असतील तर ६३ जवळचीच ठेवा. प्लायवुड ८ मिलिमीटरपेक्षा पातळ नको. १५ ग्रॅमचा स्ट्रायकर जोरात मारल्यावर साडेतीन वेळा पटाची लांबी कापतो का ते दुकानातच पाहा. दिवा बरोबर मध्यावर, वरून. खेळ संपला की बोरिक पावडर कोरड्या फडक्याने पुसा, ओल्या नाही.

प्रश्न : माझी उंची ५ फूट, ओटा ३४ इंच. पोळ्या लाटताना खांदे भरून येतात. ओटा तोडायचा का? (एक गृहिणी, नाशिक)

तोडू नका. ५ फूट उंचीच्या व्यक्तीचे कोपर उभ्याने साधारण ९६ सेंटिमीटरवर येते. लाटताना वरून भार द्यायचा असतो, म्हणून हात चालतात ती पातळी कोपराच्या १५ सेंटिमीटर तरी खाली हवी, म्हणजे ८१ च्या आसपास. तुमचा ओटा ८६ आणि पोळपाट ५, मिळून ९१. भार द्यायला उंचीच उरत नाही आणि जोर खांद्यातून येतो. जेवणाचे टेबल ७५ आणि पोळपाट ५ मिळून ८० होतात. टेबलाशी उभे राहून पोळ्या लाटा. कणीक मळायलाही तीच जागा बरी. चिरायला ओटा ठीक आहे. पोळपाट सरकू नये म्हणून खाली ओले फडके पसरा, पण पॉलिशच्या टेबलावर आधी प्लास्टिकचा कागद घाला. कारण पुढच्या प्रश्नात आहे.

प्रश्न : पॉलिश केलेल्या टेबलावर पेल्याचे पांढरे गोल डाग पडले आहेत. (एक वाचक, नागपूर)

पांढरा डाग म्हणजे ओल पॉलिशच्या थरातच अडकली आहे, लाकडापर्यंत गेलेली नाही. हेअर ड्रायर मंद ठेवून १५-२० सेंटिमीटरवरून फिरवा, एका जागी धरू नका. लाखेचे पॉलिश असेल तर स्पिरिटने जेमतेम ओलसर केलेले फडके डागावरून एकदाच हलके न्या. जास्त स्पिरिट लाख विरघळवते. काळा डाग असेल तर पाणी लाकडात उतरले आहे. ते काम पॉलिशवाल्याचे.

प्रश्न : सागवानी टेबलाचा खण पावसाळ्यात अडकतो. रंधा मारावा का? वरच्या फळीलाही उन्हाळ्यात चीर गेली आहे. (एक वाचक, रत्नागिरी)

जुलैत रंधा मारलात तर जानेवारीत खण खडखडेल. लाकूड दमट हवेत रुंदीला फुगते, लांबीला जवळजवळ नाही. सध्या खणाच्या कडांना आणि खालच्या पट्ट्यांना मेणबत्ती घासा. साबण नको, तो ओल धरतो. खण हिवाळ्यातही घट्ट वाटला तरच रंधा.

चिरेचे कारणही हेच आहे. पाऊणएक मीटर रुंदीची सागाची फळी पावसाळा आणि उन्हाळा यांत ४-५ मिलिमीटर कमीजास्त होऊ शकते. ती खालच्या चौकटीला चहूबाजूंनी स्क्रूने जखडली असेल तर आकसायला वाव मिळत नाही आणि ती फाटते. मधले स्क्रू तसेच ठेवा. कडेच्या स्क्रूंची चौकटीतली भोके फळीच्या रुंदीच्या दिशेने सेंटिमीटरभर लांबट करा, खाली वॉशर घाला आणि स्क्रू फार आवळू नका. चीर भरायची तर त्यानंतर, पावसाळा संपून दोनेक महिने झाल्यावर.