ट्रेलर जोडला की गाडी मागून बसते. जाड स्प्रिंग टाकू की एअर स्प्रिंग?

मागचं नंतर बघू, आधी पुढची चाकं बघा. मागून बसलेली गाडी सगळ्यांना दिसते, पुढून उचललेली कुणी बघत नाही.

यावरूनच माझं आणि माझ्या मेहुण्याचं कायम वाजतं. बोटीच्या ट्रेलरसाठी त्याने मागे एअर स्प्रिंग बसवले, हवा भरली, गाडी सपाट दिसली आणि त्याच्या लेखी विषय संपला. मी टेप काढला. ट्रेलर नसताना पुढच्या चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मी खडूने टायरवर लिहून ठेवलं होतं. ट्रेलर जोडल्यावर ते चांगलं बोटभर वाढलं आणि मागे हवा भरल्यावरही तसंच राहिलं. वर स्टिअरिंग हलकं झालं म्हणून हा खूश! अरे, पुढच्या चाकांवर वजनच उरलं नाही म्हणून ते हलकं लागतंय.

हिशेब करा. बॉलवर, म्हणजे ट्रेलर जिथे गाडीला अडकतो त्या गोळ्यावर, 150 किलो, बॉल मागच्या ॲक्सलपासून 1.2 मीटर मागे, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या ॲक्सलमधलं अंतर) 2.8 मीटर. म्हणजे पुढच्या चाकांवरचे सुमारे 64 किलो कमी होतात आणि मागच्यांवर 214 वाढतात. स्प्रिंग कितीही जाड टाका, यात फरक पडत नाही. भार पुढे परत ढकलायचं काम वेट डिस्ट्रिब्यूशन हिचचे, म्हणजे भार वाटून देणाऱ्या जोडणीचे, स्प्रिंगसारखे ताणले जाणारे बार करतात. बार ताणत जा आणि पुढची उंची मोजत राहा. वाढलेली उंची निम्मी तरी उतरली पाहिजे, पण मूळ मापाच्या खाली नेऊ नका.

नंतर मेहुण्याने बोटच ट्रेलरवर मागे सरकवली, बॉलवरचा भार कमी व्हावा म्हणून. हे तर त्याहून वाईट. ट्रेलरच्या भरलेल्या वजनाच्या 10 ते 15 टक्के भार बॉलवर हवाच, नाहीतर वेगात ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो आणि गाडीलाही ओढतो.

तर जाड स्प्रिंग नकोच, रिकाम्या गाडीत नुसते दणके बसतील. एअर स्प्रिंग घ्या हवं तर, पण बार लावताना त्यांत कमीत कमी हवा ठेवा आणि गाडी मागून अजून बसलेली राहिली तर तेवढं नंतर हवा भरून उचला. मेहुणा आता बार लावतो, पण आधी हवा भरतो आणि मग ते ताणतो, म्हणून त्याचं माप कधीच जुळत नाही.

हो, काही गाड्यांना असं हिच कंपनीच लावू देत नाही, आणि बोटीच्या ट्रेलरला सर्ज ब्रेक (गाडी हळू झाली की ट्रेलरच्या पुढे रेटण्याने लागणारा ब्रेक) असेल तर प्रत्येक हिच त्याच्याबरोबर चालत नाही. दोन्ही मॅन्युअल वाचल्याशिवाय खरेदी करू नका.