वाचकांचे प्रश्न : सरकार कमी हवं, असं म्हणणारा पक्ष

प्रश्न : परळला माझं पोळीभाजी केंद्र आहे. मदतीला चार बायका आहेत. गुमास्ता (दुकानाची नोंदणी), आरोग्य खात्याचा परवाना, अन्नसुरक्षेची नोंदणी, पाटी लावायची तर तिचं वेगळंच. भाचा म्हणतो, लोकांच्या कामधंद्यात सरकारनं कमीत कमी पडावं असं मानणारेही पक्ष असतात, पण ते निवडून येत नाहीत. अशा पक्षाला मत म्हणजे मत वाया घालवणंच ना?
– एक वाचक, परळ

उत्तर : ताई, भाच्याचं म्हणणं अर्धंच खरं आहे. असा पक्ष आपल्याकडे होता आणि तो निवडूनही येत होता. नाव स्वतंत्र पक्ष. त्याची उभारणीची परिषद भरली ती आपल्या मुंबईतच, १९५९ च्या ऑगस्टच्या पहिल्या दोन दिवशी. त्याच वर्षी जानेवारीत काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनात शेतजमिनी एकत्र करून सहकारी शेती करण्याचा ठराव झाला होता. जमीन कसणाऱ्याच्या हातून जाणार, या काळजीनं राजाजी (चक्रवर्ती राजगोपालाचारी), शेतकरी नेते प्रा. एन. जी. रंगा, कन्हैयालाल मुन्शी आणि मिनू मसानी एकत्र आले. राजाजी तेव्हा ऐंशी वर्षांचे होते. स्वातंत्र्यलढ्यात सोबत राहिलेल्या माणसांविरुद्ध त्या वयात नवा पक्ष काढायला काय लागलं असेल, याचा विचार मी अनेकदा करतो. मसानी तर मुंबईचेच, १९४३ मध्ये शहराचे महापौर झालेले. तरुणपणी ते कट्टर समाजवादी. नाशिकच्या तुरुंगात जयप्रकाश नारायणांसोबत होते, १९३४ च्या काँग्रेस समाजवादी पक्षाच्या संस्थापकांपैकी एक. रशियात माणसांचं काय होतंय हे कळत गेलं तसे ते त्या विचारापासून दूर गेले.

१९६२ ला लोकसभेत या पक्षाच्या १८ जागा आल्या. १९६७ ला ४४, म्हणजे विरोधकांत सर्वांत जास्त. १९७१ ला मात्र ८ च उरल्या, खुद्द मसानी पडले, आणि १९७४ मध्ये पक्ष भारतीय लोकदलात विलीन झाला. त्यांच्या २१ तत्त्वांतलं शेवटचं मला फार मोलाचं वाटतं : या तत्त्वांबाहेरच्या कुठल्याही प्रश्नावर सभासदानं आपलं मत आपण ठरवावं. आज पक्षादेशाबाहेर मतदान केलं तर आमदारकी, खासदारकी जाते. त्या पक्षानं आपल्या माणसांना दिलेली ही मोकळीक आजच्या कुठल्याही पक्षात मला दिसत नाही.

आता तुमचा मुद्दा, मत वाया जाण्याचा. मी नोकरी केली ती परवान्याच्या खिडकीमागे. कुठल्या कार्यालयात, ते महत्त्वाचं नाही. ज्याला एजंट परवडायचा त्याचा अर्ज आठवड्यात हलायचा. जो स्वतः यायचा, त्याला एकेका खेपेला एकेक त्रुटी सांगितली जायची. सगळ्या त्रुटी एकदम कधीच नाहीत. वडा विकणारा माणूस धंद्याच्या ऐन वेळी गाडी बंद ठेवून रांगेत उभा राहायचा आणि दुपारी परत जायचा. राजाजी ज्याला ‘परमिट-लायसन्स-कोटा राज’ म्हणत, ते मला पुस्तकातून समजून घ्यावं लागलं नाही. नियमांची संख्या वाढते तशी नियम अडवून धरणाऱ्याची किंमत वाढते, आणि ती गरिबाच्या खिशातून जाते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

२४ जुलै १९९१ ला बहुतेक उद्योगांवरची परवान्याची सक्ती रद्द झाली. रद्द केली ती काँग्रेसच्या सरकारनं, म्हणजे स्वतंत्र पक्षानं आयुष्यभर ज्यांच्याशी वाद घातला त्यांनीच. पक्ष संपून सतरा वर्षं झाली होती. देशाची तिजोरी रिकामी झाली म्हणून हा निर्णय झाला, हे खरंच. पण दुसरी वाट असू शकते हे कुणीतरी आधी तीस वर्षं सांगत आलं होतं. तेव्हा ताई, ४४ खासदार निवडून देणाऱ्यांची मतं वाया गेली असं मी म्हणणार नाही.

एक दोष मात्र लपवणार नाही. तो पक्ष संस्थानिकांचा, जमीनदारांचा आणि कारखानदारांचा म्हणून ओळखला गेला, आणि ही ओळख निव्वळ विरोधकांनी चिकटवलेली नव्हती. गिरणगावात त्याचं कुणी ऐकलं नाही याचं मला नवल वाटत नाही. कारखान्याचा परवाना गेला, फेरीवाल्याचा राहिला. महाराष्ट्रात हाच विचार खेड्यात नेला तो शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा कापूस आणि कांदा पिकवणाऱ्याच्या तोंडी होती. कापूस फक्त सरकारलाच विकायचा, या एकाधिकार खरेदीत शेतकऱ्याला आपला माल आपल्या मर्जीनं विकता येत नव्हता. त्याला स्वातंत्र्याचा अर्थ समजावून सांगावा लागला नाही. १९९४ मध्ये त्यांनी स्वतंत्र भारत पक्ष काढला. पुढे ते राज्यसभेत गेले आणि ९ मार्च २०१० ला महिला आरक्षणाच्या विधेयकाविरुद्ध सभागृहात एकट्यानं मत दिलं. त्यांचं ते मत मला पटलं नाही. १८६ जण एका बाजूला असताना एकटं उभं राहता येणं मात्र मला लोकशाहीसाठी गरजेचं वाटतं.

आणि तुमच्या कामाचं एक : २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे ठरावीक संख्येपेक्षा कमी कामगार असतील (मूळ कायद्यात दहापेक्षा कमी, २०२५ च्या दुरुस्तीनंतर वीसपेक्षा कमी) तर गुमास्त्यासाठी नोंदणी लागत नाही, फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते. तुमच्याकडे चार बायका आहेत. कुणी याहून जास्त मागितलं तर ‘कुठल्या कलमाखाली?’ एवढं विचारा आणि उत्तर लेखी मागा.

प्रश्न : मी कायद्याचा विद्यार्थी आहे. आम्ही मित्र अशाच विचारांचा पक्ष नोंदवायचं म्हणतोय. पण नोंदणीसाठी समाजवादावर निष्ठा लिहून द्यावी लागते असं कळलं. मग आम्ही खोटं लिहायचं का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : बरोबर कळलंय. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम २९-क, उपकलम ५. १९८९ पासून प्रत्येक पक्षाला आपल्या घटनेत लिहावं लागतं की आम्ही संविधानावर आणि समाजवाद, धर्मनिरपेक्षता व लोकशाही या तत्त्वांवर निष्ठा ठेवू. गंमत नाही, गंभीर गोष्ट आहे ही : अपक्ष उमेदवार जी शपथ घेतो तिच्यात समाजवादाचा उल्लेख नाही. एकटा माणूस जे न म्हणता निवडणूक लढवू शकतो, ते शंभर माणसं एकत्र आली की म्हणावंच लागतं.

या कलमाला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं होतं, १९९६ मध्ये, आणि ते देणाऱ्यांत एस. व्ही. राजूंसारखे स्वतंत्र पक्षाचे जुने कार्यकर्ते होते. खोटं लिहून नोंदणी मिळवण्यापेक्षा त्यांनी कोर्टाची पायरी चढणं पसंत केलं.

तुम्ही संविधान सभेची १५ नोव्हेंबर १९४८ ची चर्चा वाचा. मुंबईचेच प्रा. के. टी. शहा यांनी ‘समाजवादी’ शब्द घालायची सूचना मांडली. बाबासाहेबांनी ती नाकारली. समाजाची आर्थिक रचना कशी असावी हे लोकांनी काळानुसार ठरवावं, संविधानात ते बांधून टाकलं तर लोकशाहीच संपेल, असा त्यांचा आशय होता. समतेची दिशा मार्गदर्शक तत्त्वांत आहेच, हेही त्यांनी सांगितलं. ते वगळून त्यांना आपल्या बाजूनं उभं करू नका.

आता काय करायचं? पुढे घटनादुरुस्तीनं हा शब्द संविधानाच्या उद्देशिकेत आलाच. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो कायम ठेवला, पण आपल्याकडे त्याचा अर्थ कल्याणकारी राज्य असा आहे आणि खाजगी उद्योगाला त्याची आडकाठी नाही, असंही म्हटलं. त्या अर्थानं सही करता येईल. माझं मत विचाराल तर सही करा, आणि ही सक्ती काढा ही मागणी जाहीरनाम्यात पहिल्या पानावर छापा.

प्रश्न : गिरगावच्या चाळीत पागडीनं राहतो. तुमचे हे स्वातंत्र्यवाले आले तर भाडेनियंत्रण काढतील आणि आम्ही रस्त्यावर येऊ.
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : तुमची भीती रास्त आहे, काका. १९४७ च्या भाडे कायद्यानं भाडी गोठली, मालकाला दुरुस्ती परवडेना, आणि जुन्या चाळी पावसाळ्यात कोसळू लागल्या. मालकाचा हक्क मी मानतो. पण पागडी देणाऱ्यानंही रोख मोजून हक्क विकत घेतलेला आहे, आणि मालमत्तेचा आदर करणाऱ्या पक्षाला त्याच्याकडे डोळेझाक करता येणार नाही. तुमच्या वॉर्डात असा कुणी उमेदवार आलाच तर त्याला विचारा : माझ्या पागडीला तू मालमत्ता मानतोस का? तो ‘हो’ म्हणाला तरच पुढचं ऐकून घ्या.