विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रात येणाऱ्या मानसशास्त्राच्या इंटर्न्सना कसं तयार करायचं?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या केंद्रात यंदा सहा इंटर्न येणार आहेत, त्यांची जबाबदारी अचानक तुमच्या गळ्यात पडली आहे आणि पहिले दोन आठवडे नुसती व्याख्यानं ठेवायचा विचार चालू आहे. मी बारा वर्षं हेच काम करते आहे, म्हणून स्पष्टच सांगते. व्याख्यानं दोन दिवसांत उरका. थिअरी त्यांना येते, तुमच्या-माझ्यापेक्षा ताजी येते, कारण परवाच परीक्षा दिलेली असते. समोरच्या खुर्चीतला माणूस रडायला लागला की आपल्या हातांचं काय करायचं, हे त्यांना येत नाही.

माझ्या पहिल्या वर्षीची चूक सांगते. इंटर्नने यायचं, सेशनमध्ये काय झालं ते सांगायचं आणि मी मान डोलवून दोन सूचना करायच्या, यालाच मी सुपरव्हिजन (शिकाऊच्या कामावर ज्येष्ठाची देखरेख) समजत होते. एक मुलगी होती (ओळख लागू नये म्हणून तपशील बदलले आहेत). तिच्या नोट्स इतक्या नेटक्या की मी त्या इतरांना नमुना म्हणून दाखवायचे. "रॅपो चांगला. क्लायंट मोकळेपणाने बोलते." (रॅपो म्हणजे क्लायंटशी जुळलेला सूर.) चौथ्या सेशननंतर ती क्लायंट यायचीच बंद झाली. रेकॉर्डिंग होतं, पण ते कुणी ऐकलं नव्हतं. मी तेव्हा बसून ऐकलं. तिसऱ्या सेशनच्या अकराव्या मिनिटाला क्लायंट म्हणते, "घरी सांगून तरी काय उपयोग? तसंही माझं कुणाला काय पडलंय." तीन सेकंद शांतता. मग इंटर्नचा आवाज, अगदी प्रसन्न: "बरं, या आठवड्यात झोपेचा तक्ता भरलास का?"

नोट्समध्ये ते वाक्य कुठेच नव्हतं. तिने ते लपवलं होतं असं मला आजही वाटत नाही. ते तिच्या कानावरून गेलं, कारण थांबून ऐकलं असतं तर पुढे काहीतरी करावं लागलं असतं, आणि काय करायचं ते तिला कुणी शिकवलं नव्हतं. म्हणजे मी.

तेव्हापासून माझ्याकडे एकच अट पक्की आहे: सुपरव्हिजनला येताना गोष्ट आणायची नाही, रेकॉर्डिंग आणायचं. ही युक्ती काही माझी नाही. १९४०च्या सुमारास अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स आणि त्यांचे विद्यार्थी सेशन ग्रामोफोनच्या तबकड्यांवर मुद्रित करून ऐकत बसायचे, आणि १९४२मध्ये त्यांनी एका क्लायंटच्या सगळ्या सेशनचा शब्दशः मजकूर छापला. तबकड्या बदलत बसायची त्यांची तयारी होती. आपल्याला नुसतं बटण दाबायचं असतं, तरी जिवावर येतं.

"पण इंटर्न अनुभवी होईल तसा त्याचा अंदाज सुधारेलच की," असं मला एका सहकाऱ्याने सुनावलं होतं. त्याचं उत्तर आकड्यांत आहे. थेरपीचे परिणाम अभ्यासणारे मायकल लॅम्बर्ट यांच्या गटाने २००५मध्ये एका विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रातलंच काम प्रसिद्ध केलं. थेरपिस्टना विचारलं, तुमचे कोणते क्लायंट शेवटी आधीपेक्षा वाईट अवस्थेत जातील? ५५० क्लायंटपैकी त्यांनी तिघांची नावं घेतली. प्रत्यक्षात ४० जण बिघडले, आणि त्या तिघांपैकी अंदाज एकाच्याच बाबतीत खरा ठरला. यात शिकाऊ होते तसे परवानाधारकही होते. तेव्हा दर सेशनआधी क्लायंटकडून छोटी प्रश्नावली भरून घ्या, आणि गुण त्रास वाढल्याचं दाखवत असतील तर इंटर्नचं "छान चाललंय" हे मत बाजूला ठेवून फाइल उघडा.

आता रेकॉर्डिंग ऐकायचं कसं. अख्खं ऐकू नका, पन्नास मिनिटं दोघांनाही झोप येईल. दहा मिनिटं ऐका, आणि ती दहा मिनिटं इंटर्नने निवडायची. सर्वांत चांगली नव्हे, जिथे पोटात गोळा आला ती. मानसशास्त्रज्ञ नॉर्मन केगन यांनी १९६०च्या दशकात मिशिगन स्टेट विद्यापीठात एक पद्धत बसवली होती, मी ती थोडी सैल करून वापरते. थांबवायचं बटण इंटर्नच्या हातात द्यायचं. तो थांबवेल तिथे आपण एवढंच विचारायचं, "या क्षणी तुझ्या मनात काय चाललं होतं?" चूक दाखवायची नाही. पहिल्या महिन्यात हे जमवायला मला जीभ अक्षरशः चावून धरावी लागते. पण "मला वाटलं ती आता माझ्यावर चिडणार" हे वाक्य एकदा त्याच्या तोंडून आलं, की पुढचं शिकवणं निम्म्यावर येतं.

अर्थात, ज्याच्या हातात आपलं मूल्यमापन आहे त्याला आपली सर्वांत वाईट दहा मिनिटं कोण ऐकवेल? मीही ऐकवली नसती. म्हणून पहिल्या बैठकीत मी स्वतःचं एक जुनं रेकॉर्डिंग लावते (त्या क्लायंटची त्यासाठी लेखी परवानगी आहे). त्यात मी सलग चार मिनिटं बोलते आहे आणि क्लायंट "हं, हं" करते आहे. दुसऱ्या मिनिटाला कुणीतरी हसू दाबतंच. शिवाय शेवटच्या अहवालात मी काय लिहिणार, कोणत्या गोष्टीचे गुण जातील आणि कशाचे जाणार नाहीत, हे पहिल्याच दिवशी कागदावर देते. चूक केली म्हणून गुण जात नाहीत, चूक झाकली म्हणून जातात.

आणि भाषा! पुस्तकं इंग्रजीत, क्लायंट मराठीत, त्यामुळे मधल्या मध्ये बरंच काही सांडतं. "तुला याबद्दल काय वाटतं?" असं विचारलं की क्लायंट मत देतो. "तुला कसं वाटलं?" विचारलं तर भावनेपर्यंत पोचण्याची निदान शक्यता असते. "टेन्शन आलंय" हे उत्तर इंटर्न जसंच्या तसं लिहून घेतात, जणू निदानच झालं. मी विचारते, त्या टेन्शनच्या आत काय आहे? भीती, लाज, राग की नुसता थकवा? माहीत नसेल तर तू विचारलंच नाहीस. तू की तुम्ही, हाही प्रश्न येतो. इंटर्न तेवीसचा आणि क्लायंट एकोणीसचा असला की "तू" पटकन तोंडात येतं, आणि मग दोन सेशनमध्ये ताई-दादाचं नातं तयार होऊन सल्ले सुरू होतात. माझा नियम असा काही नाही. पहिल्या भेटीत क्लायंटलाच विचारा, तो सांगेल.

भाषेचा सर्वांत महाग पडणारा शब्द "ना". रिस्क असेसमेंटचा, म्हणजे क्लायंटच्या जिवाला त्याच्याकडूनच धोका आहे का हे तपासण्याचा, सराव घेताना दर वर्षी निम्मे तरी इंटर्न असं विचारतात: "तसे काही वाईट विचार तर येत नाहीत ना?" या प्रश्नाचं उत्तर प्रश्नातच दिलेलं आहे. "नाही" म्हणण्यावाचून समोरच्याला वाटच ठेवलेली नाही, आणि आपल्याला तेच ऐकायचंय हे त्यालाही कळतं. म्हणून पहिल्या आठवड्यात जोड्या पाडून सगळ्यांकडून मोठ्याने म्हणवून घ्या: "आत्महत्येचा विचार मनात येतो का?" दहा वेळा. आधी आवाज चिरकतो, कुणी "आत्महत्या" हा शब्द गिळतो, कुणी हसतो. दहाव्या वेळी "जेवलास का?" विचारावं तितक्या सरळ आवाजात आलं पाहिजे. विचारल्याने डोक्यात नसलेली कल्पना शिरते ही भीती त्यांच्या मनात असतेच. अभ्यासांनी तिला आधार दिलेला नाही, हे स्पष्ट सांगा.

"हो" असं उत्तर आलं तर? इंटर्नचा पहिला हात वचनाकडे जातो: "मला प्रॉमिस कर, काही करणार नाहीस." अशा वचनाने बरं वाटतं ते इंटर्नला. त्याऐवजी बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राऊन यांनी मांडलेला सुरक्षा आराखडा क्लायंटसोबत बसून लिहायला शिकवा: धोक्याची खूण कोणती, स्वतः काय करता येईल, कुणाजवळ जाऊन बसता येईल, मदत कुणाकडे मागायची, तज्ज्ञ कोण, आणि घातक वस्तू दूर कशा ठेवायच्या. सगळं क्लायंटच्या शब्दांत. आणि पीएचक्यू-९ ही नैराश्याची नऊ प्रश्नांची प्रश्नावली भरून घेत असाल तर नववा प्रश्न, मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा, क्लायंट खोलीत असतानाच बघायचा. भरलेला कागद न पाहता फाइलला लागलेला मी एकदा पाहिलाय, नवव्या ओळीत "जवळपास रोज" वर खूण होती. त्या मुलाला त्याच संध्याकाळी फोन लागला म्हणून हे इतक्या शांतपणे लिहिते आहे.

यासाठी एक सोय आधी करा. इंटर्न सेशन घेत असेल तेव्हा इमारतीत कुणीतरी ज्येष्ठ हजर हवाच, आणि त्याचं दार मधेच ठोठावण्याची मुभा हवी. "मी दोन मिनिटांत मॅडमना घेऊन येते, तू इथेच बस, बाहेर आमची सहकारी आहे," हे वाक्यही पाठ करून घ्या. दार ठोठावणं म्हणजे नापास होणं असं वाटू लागलं, की मग कुणीच ठोठावत नाही.

गोपनीयतेच्या मर्यादा शिकवताना मी तारासॉफ खटला सांगते, कारण तोही विद्यापीठातलाच. १९६९मध्ये बर्कले इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात प्रोसेनजित पोद्दार या विद्यार्थ्याने विद्यापीठाच्या रुग्णालयातल्या मानसशास्त्रज्ञाला सांगितलं की तो एका तरुणीला मारणार आहे. मानसशास्त्रज्ञाने विद्यापीठाच्या पोलिसांना कळवलं, त्यांनी त्याला थोडा वेळ ताब्यात ठेवून सोडून दिलं. वरिष्ठांनी पुढे काही करू नका म्हटलं. तातियाना तारासॉफला किंवा तिच्या घरच्यांना कुणीच सावध केलं नाही, आणि ऑक्टोबरमध्ये तिचा खून झाला. १९७६च्या निकालात कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की धोक्यात असलेल्या व्यक्तीचं रक्षण करण्यासाठी पावलं उचलणं हे थेरपिस्टचं कर्तव्य आहे. तुमच्याकडचा कायदा वेगळा असेल, तो तुमच्या वकिलाकडून एका पानावर लिहून घ्या. इंटर्नबरोबर मी चर्चा करते ती मात्र "वरिष्ठ नको म्हणाले" या वाक्याची. कारण तो वरिष्ठ उद्या मी असू शकते.

सुपरव्हिजनला किती तास द्यायचे हे विचारलंत म्हणून: अमेरिकेत एपीएची (मानसशास्त्रज्ञांची तिथली संघटना) मान्यता असलेल्या पूर्णवेळ इंटर्नशिपला आठवड्याला किमान ४ तास सुपरव्हिजन लागतं, त्यातले किमान २ एकास एक. सहा जणांना तेवढं एकट्याने देणं तुम्हाला झेपणार नाही, तेव्हा आत्ताच दुसरा सुपरव्हायझर मागा, नाहीतर तीनच इंटर्न घ्या. क्लायंट सुरुवातीला प्रत्येकी दोन, महिन्याभराने चार. परीक्षा जवळ आल्या की प्रतीक्षायादी फुगते आणि "इंटर्नना अजून दोन-दोन द्या" असा दबाव वरून येतो. तेव्हा आडवं पडायचं काम तुमचं. तुमचा एखादा इंटर्न सुपरव्हिजनमध्ये स्वतःच्या घरचं सांगत रडू लागला, तर ऐकून घ्या, पण त्याचे थेरपिस्ट होऊ नका. त्याला बाहेरच्या कुणाचा तरी नंबर द्या.

आणि इंटर्न जाणार आहेत हे विसरू नका. आपला समुपदेशक शिकाऊ आहे, त्याचं काम कोण बघतं आणि तो अमुक महिन्यात जाणार आहे, हे क्लायंटला पहिल्याच भेटीत कळलं पाहिजे. शेवटची चार सेशन निरोपासाठी राखा. पुढे ज्याच्याकडे केस जाणार तो एका सेशनला येऊन बसू दे. रेकॉर्डिंग लेखी संमतीनेच, केंद्राच्या मशीनवर, इंटर्नच्या फोनवर कधीच नाही. सुपरव्हिजन झालं की ते पुसायचं, आणि कुणी, कोणत्या तारखेला पुसलं ते वहीत लिहून सही करायची. माझ्याकडे ती वही टेबलाच्या वरच्याच खणात असते.