रोज प्रार्थना करूनही तंबाखू सुटत नाही. माझा विश्वास कमी पडतोय का?

मला तसं वाटत नाही. तुम्ही लिहिलंय की उज्जीवन सभेत (विश्वास नव्यानं जागवण्याच्या चर्चच्या सभेत) दोनदा पुढे जाऊन हात वर केला, दोन्ही वेळा आठवडाभर तंबाखू बंद राहिली आणि मग पुन्हा सुरू झाली. बायकोला वाटतं सुटली आहे. पाळकसाहेबांनाही तसंच वाटतं. आणि आता प्रभुभोजनाला, म्हणजे चर्चमध्ये भाकर आणि प्याला घ्यायला, पुढे जायची लाज वाटते. या सगळ्यात मला खटकली ती तंबाखू नाही, लपवाछपवी खटकली.

मीही तंबाखूवालाच. कॉलेजात लागली, नोकरीत मुरली, आणि सुटून आता बरीच वर्षं झाली. नंतर आमच्या मंडळीतल्या (चर्चमधल्या) अशाच काही जणांबरोबर बसत आलो, त्या जोरावर लिहितोय.

आपल्याकडे सभेत उठून सांगतात त्या साक्षी कशा असतात ते आठवा. ‘त्या रात्री प्रभूनं स्पर्श केला, पुडी गटारात फेकली, ती कायमची.’ असं होतं, मी अशी माणसं पाहिली आहेत. पण ज्याची महिन्याभरात परत सुरू झाली त्याच्या हातात माइक कोण देतं? त्यामुळे मागच्या बाकावर बसलेल्याला वाटतं, सगळ्यांची एका रात्रीत सुटते, खोट फक्त माझ्यात. बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा 7वा अध्याय पुन्हा वाचा. जे चांगलं करावंसं वाटतं ते माझ्या हातून होत नाही आणि जे नकोसं वाटतं तेच मी करतो, असं तिथं पौल लिहितो. त्याचा विश्वास कमी होता असं आजवर कुठल्या पाळकाच्या तोंडून ऐकलं नाही.

आता शरीराचं बोलू, कारण सभेत ते कुणी सांगत नाही. तंबाखूत आपण चुना मळतो त्यानं निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतून पटकन रक्तात उतरतं. ते बंद केलं की चिडचिड, डोकं जड, झोप उडणं हे पहिल्या दोन-तीन दिवसांत सगळ्यात जास्त असतं, मग दोन ते चार आठवड्यांत हळूहळू ओसरतं. म्हणजे घाटातली सगळ्यात खडी चढण तुम्ही दोनदा पार केलीत! याला हरणं म्हणायला मी तयार नाही. तुम्ही घसरलात ते पुढे, जिथं सोबत कुणी नव्हतं.

आणि सोबत असणार कशी? सगळ्यांच्या लेखी तुमची सुटलेलीच होती.

याकोबाच्या पत्रात (5:16) आपली पापं एकमेकांजवळ कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा असं सांगितलंय. आपण त्यातलं दुसरं मन लावून करतो आणि पहिलं सोडून देतो. मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीनं 1738 साली आपल्या छोट्या गटांसाठी नियम लिहिले तेव्हा दर आठवड्याला प्रत्येकाला विचारायचे प्रश्नच ठरवून दिले होते: मागच्या भेटीनंतर काय पाप घडलं, कोणता मोह आला, त्यातून सुटका कशी झाली. दारू सोडू पाहणाऱ्यांची अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ही संघटना 1935 साली अमेरिकेत ज्या ऑक्सफर्ड ग्रुपच्या बैठकांमधून उभी राहिली, ती चळवळही ख्रिस्तीच होती. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या 12 पायऱ्यांतली पाचवी म्हणजे आपल्या चुका देवाजवळ, स्वतःजवळ आणि दुसऱ्या एका माणसाजवळ कबूल करणं. तो दुसरा माणूस गाळला की बाकीचं सगळं हवेत राहतं, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलंय.

म्हणून या आठवड्यात एका माणसाला खरं सांगा. शक्यतो बायकोलाच. रागावतील, दोन दिवस बोलणार नाहीत, पण पुडीचा वास त्यांना बहुधा आधीच आला असेल. ते अगदीच जमत नसेल तर मंडळीतला एखादा वडीलधारा गाठा, जो ऐकून घेईल आणि रविवारी चारचौघांत प्रार्थनेचा विषय म्हणून जाहीर करणार नाही. (असा माणूस शोधायला वेळ लागतो, मान्य. तरुण संघाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मात्र टाकू नका.)

दुसरं म्हणजे रिकामी जागा. लूकच्या 11व्या अध्यायात येशूनं अशुद्ध आत्म्याची गोष्ट सांगितलीय. तो निघून जातो, परत येऊन बघतो तर घर झाडून नीटनेटकं, आणि मग आणखी सात जण घेऊन तिथं राहायला येतो. लेंतात, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या काळात, 40 दिवस पुडी बंद ठेवून ईस्टरच्या सकाळी चहाबरोबर पुन्हा मळणारे तुम्हीही पाहिले असतील. त्यांनी झाडलं चांगलं, आत आणून ठेवलं काहीच नाही. तुमची तलफ कधी येते? जेवणानंतर, चहानंतर, एसटीची वाट बघताना? त्या त्या वेळेला काहीतरी नेमून द्या. मी जेवण झालं की उठून 121वं स्तोत्र म्हणत चालायला लागायचो. आठच ओव्या आहेत, दोन-तीनदा म्हटलं की तलफेचा जोर निघून जातो, कारण एकेक लाट काही मिनिटांचीच असते. सुरुवातीला अर्थाकडे लक्षही नसायचं, नुसतं तोंड गुंतलेलं असायचं. त्यात काही बिघडलं असं मला वाटत नाही.

तंबाखूविरुद्धचं वचन शोधत बसू नका, ते मिळणार नाही. ती वनस्पतीच अमेरिकेतली, आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आली. कुठल्याही गोष्टीच्या ताब्यात मी जाणार नाही, हे करिंथकरांस पहिल्या पत्रात लिहिलेलं पौलाचं वाक्य (6:12) आपल्याला पुरे आहे.

औषधाची लाज बाळगू नका. निकोटिनचं च्युइंगम आपल्या दुकानांत मिळतं, किती आणि कसं घ्यायचं ते डॉक्टरांना विचारा. 1800-11-2356 ही सरकारची मोफत क्विटलाइन आहे, तिथले लोक फोनवरून सोडायला मदत करतात. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसत असेल, तोंड पूर्वीइतकं उघडत नसेल, तर आजच दाखवून या. तेल लावून प्रार्थना जरूर करून घ्या, पण ‘गोळ्या बंद कर, नाहीतर तो अविश्वास’ असं म्हणणाऱ्यापासून लांब राहा.

हे वाचणाऱ्यांत कुणी रोज भरपूर दारू पिणारा असेल तर त्याच्यासाठी वेगळं सांगतो. दारू एकदम बंद केल्यावर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. तिथं उपास-प्रार्थनेच्या भरात घरी बसून सोडू नका. आधी दवाखाना, आणि प्रार्थना तिथं खाटेशेजारी बसून करा.

राहिला प्रभुभोजनाचा प्रश्न. सुटेपर्यंत घेऊ नये का, असं तुम्ही विचारलंय. पहिल्या करिंथकरांस पत्रातलं (11:28) ते वचन आपण अर्धंच लक्षात ठेवतो. माणसानं स्वतःची परीक्षा करावी, आणि मग भाकर खावी, प्याल्यातून प्यावं, असं ते आहे. परीक्षा करून जागेवरच बसून राहावं असं तिथं म्हटलेलं नाही. तरी मन मानत नसेल तर पाळकसाहेबांना शनिवारीच जाऊन विचारा. म्हणजे त्यांनाही खरं काय ते कळेल.