बॉन्डाय बीचवर साडी नेसून गेलं तर चालेल का?

प्रश्न: ताई नमस्कार, आमचा मुलगा सिडनीत असतो, आम्ही दोघं डिसेंबरात पहिल्यांदाच तीन महिन्यांसाठी चाललोय. सून म्हणते बॉन्डाय बीच बघितलाच पाहिजे. फोटो बघितले तर सगळी बिकिनीतली तरुण मंडळी, मला तिथं साडी नाहीतर पंजाबी ड्रेसमध्ये उभं राहायचीच लाज वाटतेय. ह्यांना मात्र पाण्यात शिरायचंय. वय 64, लहानपणी विहिरीत पोहायचे, म्हणतात मला कसली भीती! लांबूनच बघून परत यावं का?

उत्तर: अहो लांबून बघून परत अजिबात येऊ नका, एवढ्या लांब जाताय तर पायाला वाळू लागू दे. आधी कपड्यांचं सांगते कारण तुमचा जीव तिथंच अडकलाय. मी माझ्या भावाकडे गेले होते तेव्हा माझ्याही मनात हेच होतं, आणि वाळूवर उतरल्यावर पाच मिनिटांत ते गेलं, कारण तिथं कुणी कुणाकडे बघतच नाही. एकजण ओल्या सर्फसूटमध्ये फळी काखेत मारून पळतोय, एक बाई ऑफिसच्या कपड्यात बूट हातात धरून चाललीये, एक आजी मोठी टोपी घालून पेपर वाचत बसलीये आणि त्यातच आपण. आणि गंमत बघा, याच बीचवर एकेकाळी कमी कपडे घातले म्हणून लोकांना हटकायचे. 1907 साली पुरुषांनीही झग्यासारखा पोशाख घालूनच पोहावं असा नियम येणार होता, तेव्हा सिडनीतल्या पुरुषांनी बायकांचे कपडे घालून बीचवर मोर्चे काढले होते, बॉन्डायवरसुद्धा. बिकिनी आली तेव्हा तर इन्स्पेक्टर पोशाखाची मापं तपासायचे आणि बाईला बीचवरून बाहेर काढायचे, हे अगदी 1961 पर्यंत चाललं. म्हणजे आज तुम्हाला साडीची लाज वाटतेय तशी तेव्हा तिथल्या बायकांना बिकिनीची वाटायला लावली होती. आता दोन्ही चालतं. अंगभर झाकणारा पोहण्याचा बुर्किनी सुद्धा सिडनीतच तयार झाला, अहेदा झनेट्टी नावाच्या बाईंनी 2004 मध्ये केला, त्यामुळे पूर्ण बाह्या-पूर्ण पाय असा पोशाख तिथं नवलाचा नाही.

पण साडी फक्त वाळूवर आणि वरच्या फुटपाथवर. पाण्यात साडी, ओढणी, सलवार, जीन्स काहीच नको, घोट्याएवढ्या पाण्यातसुद्धा नको. ओली साडी किती जड होते ते तुम्हाला मी सांगायला नको, लाट परत जाताना ती पायात गुंडाळते आणि मग पाऊल उचलताच येत नाही. पाय भिजवायचे असतील तर लेगिंग आणि अंगाबरोबरचा लांब बाह्यांचा पोहण्याचा टीशर्ट घ्या, तिथं त्याला रॅशी म्हणतात, उन्हापासूनही वाचवतो.

आता तुमच्या मिस्टरांचं. त्यांना हे वाचायला द्या प्लीज, कारण मला खरी काळजी त्यांचीच वाटतेय. विहिरीतलं पाणी एका जागी उभं असतं, बॉन्डायचं पाणी चालतं. लाटा एकामागून एक किनाऱ्याकडे पाणी आणून टाकतात, ते पाणी कुठून तरी परत जाणारच ना, तर ते वाळूच्या दोन उंचवट्यांमधली खोल वाट शोधतं आणि तिथून जोरात समुद्रात परत जातं. यालाच रिप म्हणतात. आणि फसगत होते ती अशी, की त्या खोल वाटेवर लाटा फारशा फुटत नाहीत, फेस नसतो, पाणी जरा काळपट आणि शांत दिसतं, म्हणून नवखा माणूस नेमका तिथंच उतरतो की इथं लाटा कमी आहेत बरं. बॉन्डायच्या दक्षिण टोकाला अशी एक रिप जवळजवळ कायमच असते, तिला बॅकपॅकर्स रिप असं नावच पडलंय, कारण बाहेरून आलेली मंडळी बसमधून उतरतात आणि जवळ पडतं म्हणून तिथंच पाण्यात शिरतात.

मी स्वतः गुडघाभर पाण्यात होते, पोहायची जागा दाखवणारे झेंडे असतात त्यांच्या जेमतेम दहा पावलं बाहेर. वहिनी मागून फोटो काढत होती. लाट परत जाताना आधी टाचांखालची वाळू गेली, मग बोटांखालची, मी एका खड्ड्यात उभी असल्यासारखी झाले आणि पुढच्या लाटेला पाणी कमरेला होतं, मी मात्र जागची हलले नव्हते! तेवढ्यात लाइफगार्डची शिट्टी वाजली, तो हाताने बाजूला या बाजूला या करत होता. किनारा एवढा जवळ होता की वहिनीच्या बांगड्या दिसत होत्या, तरी तिकडे टाकलेलं प्रत्येक पाऊल मागे येत होतं. बाजूला सरकले तशी ओढ कमी झाली. तेव्हापासून कुणी बॉन्डायला चाललं की मी हेच सांगत सुटते.

म्हणून नियम एकच, लाल-पिवळे झेंडे लावलेले असतात त्या दोघांच्या मधेच पाण्यात जायचं. झेंड्यांची जागा रोज, कधी कधी दिवसातसुद्धा बदलते कारण वाळू आणि लाटा बदलतात, त्यामुळे काल इथं होते म्हणून आजही इथंच असं नाही. संध्याकाळी लाइफगार्ड झेंडे काढून गेले की पाणी बंद, मग कितीही उजेड असू दे. आणि समजा ओढले गेलेच तर किनाऱ्याकडे तोंड करून पाण्याशी झगडायचं नाही, चांगले पोहणारे बुडतात ते दमून. पाठीवर तरंगायचं, एक हात वर करून हलवायचा आणि वाट बघायची. ताकद असेल तर किनाऱ्याला समांतर, जिथं लाटा फुटतायत त्या बाजूला सरकायचं. हात वर करायला लाजायचं नाही, सोडवायचे पैसे लागत नाहीत.

तिथल्या लाइफगार्डचं ऐका असं मी इतकं का म्हणते तर तो बीच फार मोठा अनुभव घेऊन बसलाय. 6 फेब्रुवारी 1938, रविवार, गर्दीने भरलेला बीच, लागोपाठ मोठ्या लाटा आल्या आणि परत जाताना शेकडो माणसांना एकदम आत घेऊन गेल्या. नशिबाने त्या दिवशी बुडणाऱ्यांना वाचवणाऱ्या क्लबचे बरेच लाइफसेव्हर तिथं हजर होते, त्यांनी दोरखंड घेऊन अडीचशेच्या आसपास लोक बाहेर काढले, तरी 5 जण गेलेच. तिथं त्याला ब्लॅक संडे म्हणतात.

उरलेलं पटापट सांगते. ऊन तिथलं आपल्यासारखं समजू नका, वारा गार असतो म्हणून चटका कळत नाही आणि संध्याकाळी मान-खांदे लाल. सकाळी दहाच्या आत जा नाहीतर चारनंतर, डिसेंबर-जानेवारीत सूर्य मावळायला आठ वाजतात त्यामुळे भरपूर वेळ मिळतो. ईशान्येचा वारा असेल तर निळे फुगे वाहून येतात, तो ब्लूबॉटल नावाचा डंख करणारा समुद्री जीव, वाळूवर मेलेला दिसला तरी हात लावू नका. डंख बसला तर समुद्राच्या पाण्याने धुवायचं आणि मग सोसवेल इतक्या गरम पाण्यात वीस मिनिटं, व्हिनेगर लावायचं नाही. गाडी नेऊ नका मुलाला सांगा, पार्किंग शोधण्यातच जीव जातो. बीचपर्यंत ट्रेन नाही, बॉन्डाय जंक्शनला उतरून 333 नंबरची बस घ्यायची.

प्रश्न: आम्ही मैत्रिणी बॉन्डायला जातोय पण पोहता कुणालाच येत नाही. बरोबर एकीची पाच वर्षांची नात आहे. दिवस फुकट जाईल का?

उत्तर: मुळीच नाही. नातीला घेऊन उत्तर टोकाला जा, बेन बकलर म्हणतात त्या बाजूला. तिथं खडकाशी मुलांसाठी छोटा तलाव बांधलेला आहे, समुद्राचंच पाणी पण लाटेचा मार कमी. तरी तिला हाताच्या अंतरावर ठेवा, तलाव म्हणून गप्पा मारत बसू नका.

दक्षिण टोकाला आइसबर्ग्ज या पोहण्याच्या क्लबचा तलाव आहे, सगळ्या फोटोत दिसतो तो, लाट कठड्यावरून उडून थेट पोहणाऱ्यांच्या अंगावर पडते. तो क्लब 1929 चा, आणि सभासदत्व टिकवायचं तर पाच वर्षं हिवाळ्यातल्या चार रविवारांपैकी तीन रविवार पोहायलाच लागतं, मला त्या लोकांचं फार कौतुक वाटतं. तिकीट काढून कुणीही आत जाऊ शकतं, गुरुवारी सफाईसाठी बंद असतो.

आणि चालायची आवड असेल तर तिथूनच कड्याकडेची वाट सुरू होते, कूजी नावाच्या बीचपर्यंत 6 किलोमीटर. पायऱ्या बऱ्याच आहेत, गुडघे दुखणारी कुणी असेल तर वाटेतल्या ब्रॉन्टे बीचपर्यंतच जा, निम्म्याहून कमी आहे आणि सगळ्यात देखणा तुकडा तोच. मधे टॅमारामा बीच लागतो, छोटासा, सुंदर, पण तिथलं पाणी फार धोक्याचं, वरूनच बघा. ब्रॉन्टेला पोचल्यावर उलटं चालत यायला नको, तिथून बॉन्डाय जंक्शनला बस मिळते.